जामीन झाला, तरी माणूस आतच!

आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्यावर बोललो. आजचा विषय तसा सोपा नाही. तुरुंग, पोलीस, जामीन हे शब्द कानावर पडले तरी आपण पदर तोंडाला लावतो. आमच्या गटाला मात्र मागच्या वर्षी हा विषय टाळता आला नाही, कारण तो थेट आमच्या बैठकीतच येऊन बसला.

झालं असं. पेरणीच्या तोंडावर दोन घरांत बांधावरून भांडण झालं. बांध कोणी कोरला, किती कोरला, हे आम्ही सांगणार नाही. शब्दाला शब्द वाढला, काठ्या निघाल्या आणि एका माणसाचा हात मोडला. दुसऱ्या घरातल्या तेवीस वर्षांच्या पोराला पोलिसांनी अटक केली. त्या पोराची आई आमच्या गटात आहे. तिला आपण काकू म्हणू. ज्याचा हात मोडला त्याची बायकोही आमच्याच गटात आहे. तिला वहिनी म्हणू. दोघी एकाच सतरंजीवर बसून हप्ता भरणाऱ्या.

पहिल्या बैठकीला काकू आल्याच नाहीत. दुसऱ्या बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "गटातून कर्ज द्या, वकिलाला द्यायचंय." वहिनी तिथेच होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या हातात सळई घातलीय. धार मीच काढायची, खुरपायला मीच जायचं, पोरांचं मीच बघायचं. आणि माझ्याच हप्त्याच्या पैशातून त्याला सोडवणार तुम्ही?" आम्ही गप्प बसलो. कोणाकडेच उत्तर नव्हतं.

गावात तर सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, "राहू दे आत, अद्दल घडेल." आमच्यातल्या निम्म्या जणींनाही तेच वाटत होतं. मारहाण करणारा आत गेला, म्हणजे गाव सुरक्षित झालं. आपल्याला हा हिशेब सरळ वाटतो. पण पुढच्या पाच महिन्यांत आम्ही जे पाहिलं आणि शिकलो, त्याने हा हिशेब इतका सरळ राहिला नाही.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. तुरुंगात दोन प्रकारची माणसं असतात. ज्यांचा खटला चालला, गुन्हा शाबीत झाला आणि शिक्षा लागली, ते पक्के कैदी. ज्यांचा खटला अजून चालू आहे किंवा सुरूही झालेला नाही, ते कच्चे कैदी. सरकारी भाषेत त्यांना न्यायाधीन बंदी म्हणतात. आपल्याला वाटतं तुरुंग पक्क्या कैद्यांनी भरलेला असेल. तसं नाही. २०२२ सालच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होती. म्हणजे शंभरातले जवळजवळ शहात्तर. त्यांच्यातले काही दोषी ठरतील, काही निर्दोष सुटतील, पण त्या दिवशी त्यांचा निकाल लागलेला नव्हता. आणि जिथे शंभर माणसांची सोय आहे, तिथे एकशे एकतीस ठेवलेली होती.

ही माणसं कोण? बहुतेक आपल्यासारख्याच घरांतली. बरीचशी दहावीपर्यंतही न पोचलेली. निम्म्याहून कितीतरी जास्त दलित, आदिवासी आणि मागासवर्गीय. ज्याच्याकडे वकील आणि सातबारा आहे, तो लवकर बाहेर येतो. ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो राहतो. गुन्हा सारखा असला तरी मुक्काम सारखा नसतो.

आता काकूंकडे येऊ. पहिला जामीन अर्ज फेटाळला गेला. तपास संपून दोषारोपपत्र दाखल झाल्यावर पुन्हा अर्ज केला आणि घटस्थापनेच्या आधी जामीन मंजूर झाला. काकूंनी पेढे वाटायची तयारी केली. पण पोरगा काही घरी येईना. नवरात्र गेलं, दसरा गेला, दिवाळीला फराळाचा डबा तसाच फडताळात राहिला.

कारण काय, तर हुकमात लिहिलं होतं: पंचवीस हजारांचा जामीन आणि तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार. जामीनदार म्हणजे हमी घेणारा माणूस. आरोपी तारखेला आला नाही तर ही रक्कम मी भरीन, असं तो कोर्टाला लिहून देतो. त्याला सातबारा किंवा घराचा उतारा लागतो, आधार, रेशनकार्ड, फोटो लागतात, काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही मागतात. काकूंची जमीन वाटणीच्या वादात अडकलेली. गावात जामीन राहायला कोणी तयार होईना, कारण समोरचं घरही गावातलंच. पोराचा मामा तयार झाला, पण तो शेजारच्या जिल्ह्यातला. कोर्टातल्या एकाने त्याला सांगितलं, "बाहेरच्या जिल्ह्याचा चालत नाही, स्थानिक माणूस आणा." मामा कागदांची पिशवी घेऊन परत गेला.

मग कोर्टाच्या दाराशी एक माणूस भेटला. म्हणाला, "मावशी, सात हजार द्या, जामीनदार मी उभा करतो. त्याला ओळखायची गरज नाही." काकूंनी मंगळसूत्रातले मणी मोडायचं ठरवलं होतं. नशीब की त्या आधी बैठकीला आल्या.

मैत्रिणींनो, हे नीट लक्षात ठेवा. भाड्याचा जामीनदार कधीही घेऊ नका. अशा माणसांची कागदपत्रं पुष्कळदा खोटी असतात. ते उघड झालं तर जामीन जातो, पैसे जातात आणि नवा गुन्हा आपल्याच अंगावर येतो.

त्या बैठकीत आम्ही दोन ठराव केले. पहिला, या भांडणासाठी गटाचा पैसा कोणालाच द्यायचा नाही, ना काकूंना, ना वहिनींना. दुसरा, माहिती मात्र दोघींनाही मिळवून द्यायची आणि दोघींबरोबर माणूस पाठवायचा. वहिनी म्हणाल्या, "मला नको तुमचं माणूस." आम्ही म्हटलं, "हवं असेल तेव्हा सांगा."

आम्ही १५१०० या नंबरवर फोन केला. हा विधी सेवा प्राधिकरणाचा मदतीचा नंबर आहे. विधी सेवा म्हणजे सरकारी खर्चाने मिळणारी कायद्याची मदत. १९८७ च्या कायद्याने ती मिळते. यात एक गोष्ट फार मोलाची आहे. बाई असेल तर तिचं उत्पन्न विचारत नाहीत. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, लहान मुलाला आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्नाची अट नाही. वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याच्या कोर्टात प्राधिकरणाचं कार्यालय असतं. फौजदारी खटल्यात आरोपीची बाजू मांडण्यासाठी आता जिल्ह्याच्या ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालयही असतं. तिथे पगारी वकील असतात. त्यांना फी द्यायची नसते आणि चहापाण्याचेही द्यायचे नसतात.

तिथल्या वकीलताईंनी आम्हाला बसवून एक गोष्ट सांगितली. ती आम्ही तुम्हाला सांगतो. मध्य प्रदेशात मोतीराम नावाचा एक गवंडी होता. त्याला जामीन मिळाला, पण दहा हजारांचा जामीनदार मागितला. १९७८ ची गोष्ट, तेव्हाचे दहा हजार! त्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता, पण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून त्याला नाकारलं. तो गवंडी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. जातमुचलका म्हणजे दुसरा कोणी हमी न देता आरोपीने स्वतःच लिहून दिलेली हमी. गरिबाला झेपणार नाही असा जामीन मागणं म्हणजे जामीन नाकारणंच, आणि दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून जामीनदार नाकारणं योग्य नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

हे ऐकून काकू म्हणाल्या, "म्हणजे माझ्या भावाची पिशवी परत पाठवायलाच नको होती?" नकोच होती.

आमच्याकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी तर ही गोष्ट पाठच करावी. कोपीवर काही भांडण झालं आणि परक्या जिल्ह्यात नवऱ्याला अटक झाली, तर तिथे जामीनदार कुठून आणायचा? तिथे तुमची कोणाशी ओळख नसते. तेव्हा सांगा, गावाकडचा माणूस चालतो.

आणखी एक गोष्ट कळली. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या देशासाठी सूचना दिल्या आहेत. जामिनाचा हुकूम झाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्याची प्रत तुरुंगाच्या अधीक्षकामार्फत कैद्याला मिळाली पाहिजे. हुकूम होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवलं पाहिजे. महिनाभरात जामीन भरता आला नाही, तर न्यायालय आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. काकूंचा पोरगा तर महिन्याच्या वर आत होता. वकीलताईंनी अर्ज केला. कोर्टाने रक्कम कमी केली आणि मामाला जामीनदार म्हणून मान्य केलं. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला पोरगा घरी आला. वाळून काटकी झाला होता. काकूंनी फराळाचा डबा काढला, पण लाडवांना वास लागला होता.

आता कोणी विचारेल, ज्याचा अर्जच मंजूर होत नाही त्याचं काय? त्याच्यासाठी नवा कायदा माहीत हवा. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम ४७९ वहीत लिहून ठेवा. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा आहे, तिच्या निम्मा काळ माणूस कच्चा कैदी म्हणून आत राहिला, तर त्याला जामिनावर सोडलं पाहिजे. आणि ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही, त्याला एक तृतीयांश काळ झाला की सोडलं पाहिजे. उदाहरण घेऊ. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे. पहिल्यांदाच आरोप आलेला माणूस वर्षभर आत राहिला, तर त्याच्या सुटकेचा विचार झालाच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं की, हे कलम जुन्या कैद्यांनाही लागू आहे. आणि काळ पुरा झाला की कोर्टाला अर्ज करणं हे तुरुंग अधीक्षकाचंच काम आहे.

याला अपवाद आहेत. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्याला हे कलम लागत नाही. एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले अंगावर असतील तर याचा फायदा मिळत नाही. आणि कारणं लिहून कोर्ट जास्त काळही ठेवू शकतं. म्हणून घरबसल्या हिशेब करून स्वस्थ बसू नका, वकिलाला विचारा. पण विचारायचं असतं, हेच आपल्याला ठाऊक नसतं.

हे हक्क आभाळातून पडले नाहीत. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांतली बातमी वर्तमानपत्रात आली. तिथे काही माणसं वर्षानुवर्षं खटल्याविना पडली होती. ज्या गुन्ह्यासाठी पकडलं त्याच्या शिक्षेपेक्षाही जास्त काळ ती आत होती. त्यांत बायाही होत्या. कपिला हिंगोरानी नावाच्या वकीलबाईंनी ती बातमी वाचली आणि सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्या खटल्याला हुसैनारा खातून या कैदी बाईचं नाव आहे. खटला लवकर चालणं आणि गरिबाला वकील मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने सांगितलं. त्यानंतर हजारो माणसं सुटली.

अटकेच्या वेळचं थोडक्यात सांगतो, कारण तेव्हा डोकं चालत नाही. अटक का केली हे सांगितलं पाहिजे. घरच्यांना कळवलं पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे उभं केलं पाहिजे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात दरवेळी अटक करावीच असं नाही, पोलीस नोटीस देऊन बोलावू शकतात. मात्र नोटीस आली तर जावंच लागतं, नाही गेलात तर अटक होऊ शकते. बाईला सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने कोर्टाची आधी परवानगी घ्यावी लागते. आणि कच्ची असो वा पक्की, कैदी बाईला सहा वर्षांपर्यंतचं मूल जवळ ठेवता येतं. २०२२ मध्ये देशात पंधराशेहून जास्त आया आपल्या लेकरांसह तुरुंगात होत्या. त्या लेकरांनी कोणाचं काय केलं होतं?

आता वहिनींचं. हा भाग आम्हाला सगळ्यात अवघड गेला. काकूंचा पोरगा घरी आला त्या आठवड्यात वहिनी बैठकीला आल्या नाहीत. आमच्यातल्या दोघी त्यांच्या घरी गेल्या. त्या चुलीपुढे बसून म्हणाल्या, "सुटला ना? संपलं मग." आम्ही म्हटलं, "नाही वहिनी. जामीन म्हणजे सुटका नाही. खटला आहेच. तारखेला त्याला यावंच लागणार, चुकला तर पुन्हा आत." त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. फिर्याद त्यांच्या घरची, पण तपासाचं काय झालं, दोषारोपपत्र कधी गेलं, जामीन कधी झाला, काहीच त्यांना ठाऊक नव्हतं.

मग आम्ही त्यांनाही त्याच कार्यालयात घेऊन गेलो, मात्र वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या वकिलाकडे. तिथे कळलं की, एफआयआरची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांत कळवलं पाहिजे. आपलं म्हणणं कोर्टात मांडता येतं, अगदी जामिनाच्या वेळीसुद्धा. इजा झालेल्याला भरपाई मागता येते, तो अर्जही विधी सेवा प्राधिकरणाकडेच करायचा असतो. वहिनी बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "तो आत राहिला म्हणून माझ्या म्हशीची धार कोणी काढली नाही. मला निकाल पाहिजे. आणि हाताचा खर्च पाहिजे."

मैत्रिणींनो, आम्ही पाच महिन्यांत जे शिकलो ते वहिनींनी दोन वाक्यांत सांगितलं. आरोपीला निकालाशिवाय आत डांबून ठेवलं, तरी मार खाल्लेल्याला न्याय मिळत नाही. न्याय म्हणजे खटला लवकर चालणं, साक्षीदार न घाबरता येणं, दोषी असेल त्याला शिक्षा आणि दुखापत झाली त्याला भरपाई. कच्ची कैद ही शिक्षा नव्हे. जो खरंच धोकादायक आहे, साक्षीदारांना धमकावतो, पळून जाईल, त्याचा जामीन कोर्ट नाकारतंच आणि नाकारावाच. बायकोला मारणाऱ्याच्या बाबतीत आम्हीही तिथे उभं राहून विरोध करू. पण केवळ सातबारा नाही म्हणून कोणी आत राहत असेल, तर त्याने गावातली एकही काठी कमी होत नाही.

आणि शिक्षा झालेल्या माणसाचंही सगळं संपतं असं नाही. आपल्या सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ साली तिथे कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. कैदी उघड्या माळावर शेती करायचे. 'दो आंखें बारह हाथ' हा व्ही. शांतारामांचा १९५७ चा सिनेमा त्याच प्रयोगावरून निघाला. शिक्षा झालेल्या माणसावर इतका विश्वास टाकणारी आपली माती आहे. मग ज्याचा निकालही लागलेला नाही, त्याच्यासाठी आपण चार कागद वाचायला हरकत नाही.

आता तुमच्या गटासाठी एक काम. एक वही करा. गावातलं कोणी आत असेल तर तिच्यात लिहा: अटकेची तारीख, पोलीस ठाणं, गुन्ह्याचा नंबर, कलमं, कोर्ट, पुढची तारीख आणि वकिलाचं नाव. खटल्याला सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्स या सरकारी ॲपमध्ये घातला की पुढची तारीख मोबाईलवर दिसते. दहावी झालेली कुठलीही पोरगी हे करून देईल. जामीन झाला असेल तर हुकमाची तारीख लिहा आणि सात दिवस मोजा. आठव्या दिवशी १५१०० ला फोन लावा. पैशासाठी अडलं असेल तर गरीब कैद्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेबद्दल त्याच कार्यालयात विचारा.

शेवटी आमच्या गटाचं सांगतो, म्हणजे तुम्हाला चुकामूक वाटणार नाही. काकू आणि वहिनी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. खटला चालू आहे, निकाल काय लागेल तो लागेल. त्या दोघी सतरंजीच्या दोन टोकांना बसतात, पण बसतात. हप्ता चुकलेला नाही. आणि ज्या बांधापायी हे सगळं झालं, त्याच्या सरकारी मोजणीचा अर्ज मात्र आता दिला आहे. त्याची तारीख लागली आहे. हा अर्ज पेरणीच्या आधी दिला असता तर, असं आम्हा सगळ्यांनाच वाटतं. तुमच्या गावात असा एखादा बांध असेल, तर काठी निघायच्या आधी मोजणीचा अर्ज द्या.

पुढच्या वेळी मोजणीबद्दलच बोलू.